विश्रांतीची मुदत

फोन वाजला तेव्हा माझी सुई एका बरगडीवर होती आणि ती बरगडी अठरा कोटी वर्षांची होती, त्यामुळे मी काही धावत जाऊन तो उचलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा माणूस आधी हात बाजूला घेतो आणि मग दचकतो. एवढं तरी इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं आहे. हवेची नळी बंद केली, दगडाची पूड फुंकली, चष्मा कपाळावर सरकवला. पलीकडे टेकडीवरच्या दफनभूमीचे बॉयटलर होते. मला वाटलं, शुक्रवारची वेळ पक्की करत असतील. माझे सासरे, ओइगेन, रविवारी गेले. नव्वदीला टेकलेले, दुपारच्या झोपेत, रेडिओ चालू ठेवून. त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं आणि कुणाला बसलाही नव्हता. शुक्रवारी त्यांना गेरोल्डच्या जागेत ठेवायचं होतं. गेरोल्ड त्यांचा मुलगा, माझा नवरा. त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. आमच्याकडे जमिनीतली जागा कायमची मिळत नाही, विश्रांतीची मुदत मिळते, आमच्या टेकडीवर पंचवीस वर्षांची. ती सरली की तीच जागा पुन्हा उघडतात, उरलेली चार हाडं आणखी खाली सरकवतात आणि वर नवा माणूस येतो. घरातल्या घरात असेल तर कुणालाच त्याचं काही वाटत नाही. सासूबाईंनी तर हे कधीचं ठरवून ठेवलं होतं: खाली मुलगा, वर नवरा, आणि शेजारची रिकामी जागा त्यांची स्वतःची. स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्या लावाव्यात तसं त्या हे सांगायच्या, आणि ओइगेन मान डोलवायचे.

"बाई, तुम्ही बसल्या आहात ना?" बॉयटलरनी विचारलं.

मी बसलेलीच असते. तसं सांगितलं.

"काल दुपारी उघडलं आम्ही. तुमचे यजमान..." ते थांबले. त्यांच्यामागे कुठेतरी खोदाईचं यंत्र घरघरत होतं. "अजून झालेले नाहीत."

"काय झालेले नाहीत?"

"माती. पूर्ण." मग माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "होतं असं. त्या खालच्या पट्ट्यात हे तिसरं. म्हणजे अगदी, खरं सांगायचं तर, चांगले टिकलेत."

"कुठल्या थरात?" मी विचारलं.

हे मी विचारलं. माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं, आणि तेव्हा खरा धक्का बसला. आधीच्या वाक्याने नव्हता बसला. 'चांगले टिकलेत' हे शब्द कानावर पडताच माझ्या छातीत जे उडालं ते मी ओळखत होते; खाणीतून कुणी फोन करतं, "बाई, एक सापडलाय, चांगला टिकलाय," तेव्हा नेमकं हेच उडतं. आनंद होता तो. गेरोल्डच्या नावाने, इतक्या वर्षांनी, माझ्या अंगातून पहिली उठलेली गोष्ट म्हणजे कामावरचा आनंद. मग तो गेला. टेबलावरचा काळा दगड, त्यातला अर्धा उघडा प्राणी, त्याच्या डोळ्याभोवतीची हाडांची गोल चकती, सगळं मला फार जवळ आल्यासारखं दिसायला लागलं. बॉयटलर बोलत होते. ओइगेनना तिथे ठेवता येणार नाही. शेजारची जागाही बंद, सगळा पट्टाच ओला आहे. दोनच मार्ग आहेत: गेरोल्डला बाहेर काढून दहन करायचं आणि राख वरच्या अंगाला, कोरड्या भागात, वडलांबरोबर ठेवायची, पुढे आई येतील तेव्हा तिघं एकत्र होतील. नाहीतर आहे तसं बुजवून टाकायचं, वरची फरशी काढायची, पाणी बंद करायचं आणि त्याला वेळ द्यायचा. मग आईवडील वर आणि तो खाली, एकटा. "कायद्याने निर्णय तुमचा आहे, तुम्ही पत्नी," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कळवा. खड्डा उघडा ठेवता येत नाही." पत्नी हा शब्द मला कुणी वापरून किती काळ लोटला होता कुणास ठाऊक. मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवल्यावर सुई उचलली आणि त्या बरगडीवर पुन्हा टेकवली, आणि लगेच खाली ठेवली.

दर मंगळवारी आमच्या संग्रहालयात शाळांची मुलं येतात आणि मी त्यांना हे सगळं सांगते. मेलं की संपतं, असं मी सुरुवातीलाच सांगून टाकते. जवळजवळ सगळंच संपतं, कारण खाणारे खूप असतात. मासे असतात, खेकडे असतात, आणि ते सगळे निघून गेले तरी डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना हवा लागते आणि हवा असली की ते काही ठेवत नाहीत. पण इथे, जिथे तुम्ही आत्ता बूट वाजवताय ना, तिथे एक समुद्र होता आणि त्याच्या तळाला हवा पोहोचत नव्हती. वर सगळं ठीक, ऊन, लाटा, पोहणं. खाली स्तब्ध. एखादा जलसरडा वरून मरून खाली आला की तळाच्या मऊ चिखलात रुतायचा, आणि तिथे त्याला कुणी हात लावायला यायचं नाही. चिखल इतका बारीक की दातालाही लागू नये. तो हळूहळू वर साचत जायचा. मग हाडातला एक कण विरघळतो आणि त्याच्या जागी दगडाचा कण येऊन बसतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी मूळचं काहीच उरत नाही पण आकार जसाच्या तसा. कातडीसुद्धा, एखाद्या पातळ काळ्या डागासारखी, प्राण्याभोवती राहून जाते. पूर्वी आमच्या धंद्यातले लोक तो डाग घाण समजून खरवडून टाकायचे आणि स्वच्छ हाडं राजवाड्यांना विकायचे. इथे मुलं हमखास हसतात. एकदा एका मुलीने हात वर करून विचारलं, "मग माझी आजी पण होईल का जीवाश्म?" मी म्हटलं, नाही गं बाळ, आपली माती तशी नाही. शिक्षिकेने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं होतं.

आपली माती तशी नाही. मी असं म्हटलं होतं, आणि मी त्या टेकडीवर सत्तावीस वर्षं जात होते, वर्षातून चार-पाच वेळा का होईना, आणि कधीही, एकदाही, पायाखाली काय आहे असा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दुसऱ्यांच्या शेतात, महामार्गाच्या खोदाईत, कुणाच्या तळघराच्या पायात मी थर वाचत फिरले. तिथे मात्र मी फुलं बघायचे. गेरोल्डला आम्ही त्याच्या टेरिलीनच्या सुटात ठेवलं होतं, कारण तोच एक सूट होता. तो तेहतीस वर्षांचा होता. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आवारात गाडीला बर्फावर चालणारी हिवाळ्याची चाकं बसवत होता, तीन बसवून झाली होती, आणि चौथ्याशी खाली वाकला तो उठलाच नाही. मेंदूतली शीर फुटली. सासूबाई वरच्या खिडकीतून त्याला ओरडत होत्या की टोपी घाल. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की सांगताना मला आता काही दिसत नाही. तीन चाकं, टोपी, खिडकी. लोक ऐकून गप्प होतात आणि मी कॉफी ओतते. त्याचा चेहरा आठवायचा म्हटला तर एक फोटो आठवतो, सरोवराच्या काठावरचा, आणि फोटोत न दिसणारा कान डावा की उजवा तेही मला सांगता येणार नाही. त्याच्या आवाजाचं मी 'जरा घोगरा' असं वर्णन करते आणि घोगरा हा शब्द ऐकू येतो, आवाज नाही. कण गेले आणि शब्द येऊन बसले. हे कधी झालं, कुठल्या वर्षी, मला कळलं नाही. आणि इकडे मी त्याचा दगड करत असताना तिकडे, सहा फुटांखाली, तो होता. ओला, टेरिलीनमध्ये, दोन्ही कानांसह. या विचाराने मला इतकं भ्यायला झालं की मी प्रयोगशाळेतला नळ सोडून मनगटं त्याखाली धरली, आणि पाणी वाहताना दिसलं तसा तो बंद केला.

कारण पाणी घालणारी कोण होती ते मला माहीत होतं. सगळ्या टेकडीला माहीत होतं. आमच्याकडे कबरीवरचं फूल वाळलं तर माणसाची अब्रू जाते; जिना झाडायची पाळी चुकवली तर शेजारी आठवडाभर बोलत नाहीत, आणि बेगोनिया सुकला तर वर्षभर. संध्याकाळी पाचनंतर त्या नळावर बायकांची रांग लागते, हिरव्या झाऱ्या, कंबरेवर हात, कुणाच्या कबरीवर गवत माजलंय त्यावर चर्चा. त्या रांगेत माझ्या सासूबाई लिडिया पहिल्या. लिडिया म्हणजे काय बाई आहे ते त्या नळापाशी विचारावं. उन्हाळ्यात रोज चार झाऱ्या, पावसाळी दिवसातही दोन, कारण पाऊस मुळापर्यंत जात नाही असं त्यांचं म्हणणं. ओइगेन बाकावर बसून राहायचे. "बुडवशील त्याला," असं ते एकदा म्हणाले होते आणि त्या दोघांत त्यानंतर तीन दिवस अबोला होता. मी तिथे गेले की माझ्याही हातात झारी यायची आणि मीही ओतायचे. पाणी आहे आणि हवा नाही अशा जागी माणूस सडत नाही; अंगातल्या चरबीचा एक राखाडी साबण होतो आणि साबण आकार धरून ठेवतो. वर भक्कम फरशी, खाली चिकणमाती, मध्ये टेरिलीन आणि रोज चार झाऱ्या. माझ्या प्राण्यांना समुद्राने जे दिलं ते गेरोल्डला त्याच्या आईने दिलं होतं. हे त्या शहाऐंशी वर्षांच्या बाईला कुणीतरी सांगायचं होतं, आणि ते कुणीतरी मी होते. मी ट्रामने वर जाताना एक खोटं तयार केलं. पाण्याचा पाइप फुटलाय, तो भाग महापालिकेने बंद केलाय, ओइगेनना वर जागा मिळाली आहे. ते चांगलं खोटं होतं, फक्त एका ठिकाणी गळत होतं: यापुढे पाणी घालू नका हे कसं सांगायचं ते त्यात बसत नव्हतं.

बॉयटलर फाटकापाशी उभे होते, टोपी हातात. साठीचा, लाल गालांचा, लाजरा माणूस. त्यांनी मला आडवळणाने नेलं, जणू सरळ रस्त्याने गेल्यास मी लवकर पोहोचले असते. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर हिरवी ताडपत्री, चारही कोपऱ्यांवर दगड. फरशी बाजूला कुंपणाला टेकवून ठेवली होती, तिच्यावर गेरोल्डचं नाव, आणि खाली दोन नावांपुरती मोकळी जागा. बेगोनिया कुणीतरी मुळांसकट काढून खोक्यात नीट ठेवले होते.

"बघायचं म्हणत नाही ना तुम्ही?" बॉयटलर म्हणाले. "लोक म्हणतात. मी नाही म्हणतो. नंतर आभार मानतात."

"चेहरा?"

"बाई, नको ते." ते ताडपत्रीकडे बघत म्हणाले. "ओळखू येतात एवढं सांगतो. मी ओळखत होतो ना त्यांना, आमच्या फुटबॉलच्या पोरांत असायचे. म्हणून तर मला जरा... जाऊ दे."

म्हणजे बॉयटलरनी त्याला पाहिलं होतं. या गोष्टीचा मला राग आला, पोटातून, उघड राग, एखाद्या बाईने माझ्या नवऱ्याला हात लावल्यासारखा. माझ्यात असं काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एकोणसाठ वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतात, मध्ये दोन पुरुष येऊन गेले आणि दोघेही चांगले होते. आणि त्या फळ्यांखाली तेहतीस वर्षांचा माणूस होता, ज्याला मी आता बघितलं तर तो माझ्या मुलासारखा दिसला असता. त्याने डोळे उघडले असते तर त्याने कुणाला हाक मारली असती? माझ्याकडे पाहून त्याने माझीच चौकशी केली असती. ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्याने उचलत होता आणि टेकत होता. खालून वास येत होता, वाईट नव्हे, बंद तळघराचा, जुन्या साबणवडीचा. मला ताडपत्री उचलायची होती. मला कान बघायचा होता. तिथे जमिनीवर पाय रोवून मी स्वतःला धरून उभी होते आणि हात काहीतरी करायला मागत होते, म्हणून मी बाजूच्या ढिगातून मातीचा एक खडा उचलला. राखी-निळी, गार, चिवट माती. बोटांनी चुरली, तिची वळी केली, वळी न मोडता वाकली. मग दुसरा तुकडा घेऊन पुढच्या दातांत धरला आणि दात एकमेकांवर घासले. आम्ही सगळे हे करतो, शेतात, खाणीत, पहिल्या वर्षापासून. रेती असेल तर दाताला करकरते, गाळ असेल तर किंचित, आणि शुद्ध चिकणमाती असेल तर लोण्यासारखी सरकते. सरकली. करकर नाही, कणही नाही. हवा जायला केसाएवढी फट नाही, असा निर्णय मी मनात दिला, आणि मग बॉयटलरचा चेहरा दिसला.

 त्यांनी टोपी छातीशी धरली होती. कुठली माती तोंडात आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी थुंकले नाही. कुठे थुंकणार होते, त्याच्यावर? मी ती गिळली. डोळ्यांतून पाणी आलं ते रडण्याचं होतं की ओकारीचं ते मला सांगता येत नाही, पण सत्तावीस वर्षांत गेरोल्डसाठी माझ्या अंगाने केलेली ती पहिली खरी गोष्ट होती, बाकी सगळं सांगणं होतं. "संध्याकाळी फोन करते," मी म्हटलं. बॉयटलर म्हणाले, "तिथे नळ आहे, तोंड धुवा हवं तर." मी नाही धुतलं.

सासूबाई दोन गल्ल्या खाली राहतात, त्याच घरात, त्याच आवारावरच्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा कोपरापर्यंत पीठ होतं. शुक्रवारच्या कॉफीसाठी वेणीचे गोड पाव करत होत्या. माणूस पुरून आल्यावर लोकांना वेणीचा पाव लागतो आणि तो विकतचा असला तर लोक लक्षात ठेवतात. टेबलावर पिठाच्या तीन लांब दोऱ्या पडल्या होत्या. अंगावर काळा झगा, त्यावर निळा फुलाफुलांचा एप्रन. रविवारपासून त्या बसल्या नव्हत्या असं शेजारीण मला म्हणाली होती.

"बूट दाराशी काढ," त्या म्हणाल्या. "आणि दार लाव, नाहीतर पीठ फुगायचं थांबेल. तू कामावर नाही गेलीस?"

"गेले होते. आई, जरा बसता का?"

"बसायला काय झालंय. बोल, मी वळतेय." त्यांनी पिठाची एक दोरी दुसरीवरून घेतली. "चारला जाऊन येते वरती. चार दिवस कुणी पाणी घातलं नाही, शुक्रवारी सगळं गाव बघणार. ती कुर्ट्सची बायको तर डोळे लावून बसली असेल."

"आज नका जाऊ. तिथे काम चाललंय. पाण्याचा पाइप फुटलाय," मी म्हटलं, आणि माझं खोटं इतकं व्यवस्थित बाहेर आलं की मला बरं वाटलं. "सगळा खालचा भाग बंद केलाय त्यांनी. बाबांना वर जागा देतायत, कोरड्यात. चांगली जागा आहे. लिंडनच्या झाडाखाली."

त्या वळत राहिल्या. तिसरी दोरी मधून, पहिली वरून. मग त्यांनी हात थांबवले आणि दाराकडे बघितलं, जिथे माझे मातीने भरलेले बूट उभे होते.

"पाइप कुठून फुटला? वरच्या मातीत ना?"

"हो."

"वरची माती तांबडी आहे," सासूबाई म्हणाल्या. "ही निळी आहे. ही खालची. मी ती एकदाच पाहिली आहे. त्या दिवशी." त्यांनी एप्रनला हात पुसले, एकेक बोट. "उघडलंय त्यांनी. उघडलंय आणि काहीतरी आहे. सांग आता सरळ. मला शेंबडी पोर समजू नकोस."

मग मी सांगितलं. कामावरच्या शब्दांत सांगितलं, कारण दुसरे माझ्याकडे नव्हते: चिकणमाती, हवा नाही, ओल, साबण. शेवटी म्हटलं, "आई, तो आहे अजून. पूर्ण आहे. यात कुणाचा दोष नाही, माती तशी आहे." पाण्याचं नाव मी काढलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते कधी कोसळेल याची वाट पाहत होते. खुर्ची मागे सरकवून ठेवली होती. त्या कोसळल्या नाहीत. खिडकीशी गेल्या, आवारात बघितलं, परत आल्या.

"त्या जुन्याने मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "बॉयटलरच्या आधीचा, तो लंगडा. गेरोल्डला दोनेक वर्षं झाली असतील. मला म्हणाला, लिडियाबाई, एवढं पाणी ओतू नका. खाली चिकणमाती आहे. असंच घालत राहिलात तर तो जाणार नाही."



"तो जाणार नाही," सासूबाईंनी पुन्हा म्हटलं, त्या माणसाच्या शब्दांची चव घेतल्यासारखं. "असं म्हणाला बघ तो. मला कुणीच तोपर्यंत इतकं चांगलं काही बोललं नव्हतं. तो पाद्री म्हणायचा तो गेला, ओइगेन म्हणायचा तो गेला, तू तर काळे कपडेसुद्धा सहा महिन्यांत काढलेस. मी नाही म्हणत चुकलीस. तरुण होतीस."

"आणि तुम्ही?"

"मी काय. दोन झाऱ्या घालत होते, चार घालायला लागले."

आपण एखाद्या माणसाची दया करत बसावं आणि त्याने आपल्याकडे शांतपणे बघावं, तेव्हा जी फजिती होते ती माझी त्या स्वयंपाकघरात झाली. पण फजिती वरवरची होती. खाली भीती होती. ही बाई, जिच्या झाऱ्या मी भरून दिल्या, जिच्या बेगोनियाचं मी कौतुक केलं, ती पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी जाऊन आपल्या मुलाला जाऊ देत नव्हती, आणि हे तिला माहीत होतं. मी आयुष्यभर टिकलेल्या गोष्टींवर काम केलं, पण टिकवण्याचा असा मनसुबा मी कधी पाहिला नव्हता. समुद्राला मनसुबा नसतो. मला त्यांचा राग आला, मग असूया वाटली, मग तीही गेली आणि फक्त तोंडातली मातीची चव राहिली. "तुम्ही त्याला असं कसं ठेवलंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आई, तो माणूस आहे. लोणचं नाही घातलं तुम्ही."

"ओरडू नकोस, पीठ बसेल," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या, रविवारनंतर पहिल्यांदा असेल. त्यांचे पाय जमिनीला नीट पोहोचत नव्हते हे मला तेव्हा दिसलं. त्या इतक्या लहान कधी झाल्या होत्या? "काय करायचं म्हणतात ते?"

मी दोन्ही मार्ग सांगितले. दहन केलं तर तुम्ही तिघं वर एकत्र, लिंडनखाली, हे मी दोनदा सांगितलं, कारण आयुष्यभर त्यांना तेवढंच हवं होतं. बुजवलं तर तो खाली राहील, एकटा, फरशीशिवाय, फुलांशिवाय, पाण्याशिवाय. "निर्णय मला घ्यायचा आहे म्हणे. पण तुम्ही म्हणाल तसं."

"जाळायचं नाही त्याला," त्या ताबडतोब म्हणाल्या. "बाहेर काढायचं नाही, कुणी बघायचं नाही. झालं तेवढं बघून झालं. ओइगेनचं काय, त्याला कुठेही ठेवा, तो कुठेही झोपायचा."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले, आणि सासूबाईही किंचित हसल्या आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्यांनी एप्रन तोंडावर ओढून घेतला. रडण्याचा आवाज काही आला नाही. एप्रनवरची निळी फुलं तेवढी हलत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो झटकला गेला नाही, हेही पहिल्यांदाच. मग मी तिथूनच बॉयटलरना फोन लावला आणि त्यांच्यादेखत सांगितलं: बुजवा. फरशी काढा, फुलं काढा. तिथे कुणी पाणी घालणार नाही. "बरं केलंत," बॉयटलर म्हणाले. फोन ठेवेपर्यंत सासूबाईंनी तोंड पुसलं होतं आणि त्या पिठाच्या दोऱ्यांकडे बघत होत्या.

"किती वर्षं लागतील त्याला? आता, पाणी बंद केल्यावर?"

"ते म्हणतात पंधरा. मला वाटतं वीस."

"आणि वर, कोरड्यात?"

"तिथे वाळू आहे. तिथे दहा-बारा पुरतात."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं; ओठ हलत होते. मग उठल्या, टेबलाशी गेल्या आणि राहिलेली दोरी वळायला घेतली. हात आता सरळ चालत होते.

"म्हणजे मी दोन-चार वर्षांत गेले तरी त्याच्या आधी माती होईन," त्या म्हणाल्या.

"आई, असं काय बोलता."

"अगं, बरोबरच आहे ते. आईच आधी जायची असते." त्यांनी वेणीचं शेवटचं टोक दुमडून खाली दाबलं. "एवढा वेळ उलटं होतं. मला वरच ठेव."